होळीच्या आधी कूलर काढताना

विदर्भात कूलर साधारण होळीनंतर गच्चीवरून खाली उतरतो. हे काम आठ-दहा दिवस अलीकडे घ्यावं. टाकीला रंग दिला तर तो वाळायला वेळ लागतो, आणि एकदा ऊन चढलं की मेकॅनिक वेळेवर मिळत नाही. इथे लिहिलंय ते पत्र्याच्या, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने भिजत राहणाऱ्या, भुश्याच्या किंवा वाळ्याच्या जाळीदार चौकटी) असलेल्या साध्या डेझर्ट कूलरबद्दल. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे तो घरोघरी असतो.

‘कूलर गार करत नाही’ ही तक्रार आली की लोक आधी मोटर बदलायला निघतात. बहुतेक वेळा मोटर ठीक असते. दोष ताट्यांत असतो, नाहीतर खोलीतली हवा बाहेर पडायला वाट नसते.

एक लिटर पाणी सुकताना हवेतून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. कूलरची सगळी करामत एवढीच. एप्रिलच्या दुपारी 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असली, तर नुसत्या पाण्याने हवा फार तर 22 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या भिजलेल्या ताट्या त्यातला पाऊण पल्ला गाठतात, म्हणजे आत 27 अंशांच्या आसपासचा वारा येतो. कोकणात 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला हीच सीमा 29 वर अडते, म्हणून तिकडे कूलरचा उपयोग होत नाही. आता खोलीची दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर तासाभरात खोलीतच कोकण तयार होतं. चादरी दमट, अंग चिकट, आणि पंखा फुल असूनही वारा मंद. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं, निदान कूलरच्या तोंडाच्या जाळीएवढं. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवावा, आणि कूलर व चौकट यांच्यातल्या फटी प्लायवूड किंवा थर्माकोलने बुजवाव्यात. नाहीतर गरम हवा तिथूनच आत शिरते.

ताट्या दर वर्षी नव्या घ्याव्यात. जुन्या ताटीत क्षार बसून काड्या कडक होतात, पाणी शोषत नाहीत आणि वास मारतात. वूडवूलची (लाकडाच्या बारीक, लांब सालट्यांची) ताटी उजेडासमोर धरून पाहा: जिथून लख्ख उजेड दिसतो तिथून गरम हवाही येणार. थर सगळीकडे सारखा, साधारण दोन इंचांचा हवा. बसवण्याआधी ताटी पाण्यात बुचकळून धुवून घेतली की भुसा आणि कच्चा वास निघून जातो. महिनाभराने वूडवूल भिजून खाली बसतं आणि वरच्या कडेला रिकामी पट्टी पडते. ती रोज नजरेखालून जाते, पण कोणी भरत नाही. म्हणून सुरुवातीलाच थोडं सुटं वूडवूल जास्तीचं आणून ठेवावं. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध सुंदर, पण त्या दाट विणलेल्या असतील तर वारा कमी होतो. तीनपैकी एकच ताटी वाळ्याची लावणं हा चांगला मध्यम मार्ग.

ताटीवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीची भोकं खिळ्याने किंवा सुईने मोकळी करा. पंप चालू करून पाच मिनिटांनी तिन्ही ताट्यांना हात लावून बघा. एखादा उभा पट्टा कोरडा राहिला तर त्यावरचं भोक बुजलंय किंवा कूलर एका बाजूला कललाय.

आठ महिने कोरडा पडलेला पंप अनेकदा क्षारांनी जाम झालेला असतो. प्लग काढूनच खालची जाळी उघडा, लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा आणि आतली चक्री बोटाने फिरवून मोकळी करा. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि सुरूच होत नसेल, तर बहुधा कपॅसिटर गेलाय. जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा बसवून घ्यावा. जास्त आकड्याचा बसवला तर मोटर तापते.

टाकीचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, बारीक भोकं एम-सीलने बुजवा, रेड ऑक्साइडचा हात द्या, तो पूर्ण वाळला की आतून डांबराचा. ओल्या डांबरावर पाणी भरलं तर उन्हाळाभर वास जात नाही.

विजेच्या बाबतीत मात्र अजिबात हयगय नको. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, ओले हात: कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, लहान मुलं सुद्धा. तीन पिनांचा प्लग आणि खरंच काम करणारं अर्थिंग हवं. दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर कूलर चालवू नका. पंपाची वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली जाते, तिथे रबराची नळी चढवावी. पाण्याखाली वायरचा जोड नसावा, टेप लावलेलाही नाही. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून या वर्षी बसवून घ्याच. आणि पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगावा.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची, नुसती वरून भरत राहायची नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि ताट्या दगडासारख्या होतात. दुसरं कारण डेंग्यूचा डास. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून दिल्यावर भिंती घासणं गरजेचं.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनमध्ये पाऊस लागला की हवा दमट होते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, टाकी पुसून कोरडी करावी, आणि ताट्या काढून टाकल्यावरच कूलर झाकावा.