तिन्ही वॉल्टर बिशप

फ्रिंज परत बघायला घेतलीये. २००८ ते २०१३ चाललेली, १०० एपिसोडची अमेरिकन साय-फाय सिरीज. यावेळी त्यातल्या केसेस, व्हायरस वगैरेत फार लक्षच लागत नाहीये, मी नुसता त्यातल्या वॉल्टर बिशप या शास्त्रज्ञाकडे बघत बसतो, म्हणजे खरं तर तिन्ही वॉल्टरकडे.

पहिला आपल्याकडचा. हार्वर्डच्या तळघरात लॅब, लॅबमध्ये जीन नावाची गाय, १७ वर्षं मेंटल हॉस्पिटलमध्ये काढून आलेला म्हातारा, मदतनीस अ‍ॅस्ट्रिडचं नाव क्वचितच धड घेणारा. दुसरा पलीकडच्या, समांतर विश्वातला, तोच चेहरा, तेच डोकं, पण तिथे तो अमेरिकेचा संरक्षणमंत्री आणि ऑफिस थेट लिबर्टी आयलंडवर.

सगळं फिरतं ते १९८५ मध्ये. दोन्हीकडे वॉल्टरचा मुलगा पीटर आजारी, आणि आपल्याकडचा जातो. वॉल्टरने पलीकडचं दिसणारी एक खिडकी बनवलेली असते, पोरगं गेल्यावरही तो त्या काचेला डोळे लावून पलीकडच्या स्वतःला औषध शोधताना बघत राहतो. आणि मिश्रणाचा रंग बदलतो! औषध जमलेलं असतं, पण नेमका त्याच क्षणी एक टकला माणूस लॅबमध्ये शिरतो, तो वॉल्टर मान वळवतो आणि रंग बदललेला त्याला दिसतच नाही. काचेच्या अलीकडून याला मात्र दिसतो. हा सीन मी कितीही वेळा बघितला तरी पोटात गोळा येतो.

मग हा स्वतः औषध बनवून रायडन लेकवरून पलीकडे जातो, बाटली वाटेतच फुटते, म्हणून त्या पोरालाच इकडे आणतो, बरं करून परत सोडायचं असं ठरवून. पण एलिझाबेथ, त्याची आई, पोराला बघते आणि मग कोणाच्याच्याने सोडवत नाही.

आता पलीकडच्या बापाचा विचार करा. पोरगं पळवलं ते आपलाच चेहरा असलेल्या माणसाने, आणि त्यानंतर त्याचं जग ठिकठिकाणी फाटायला लागतं, भोकं बुजवायला अंबर (लगेच दगडासारखा घट्ट होणारा वायू) सोडायचं आणि आत अडकलेली माणसं तशीच राहतात. त्याला व्हिलन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपला वॉल्टर चांगला झाला तो बराचसा पीटरमुळे, पण पीटर त्याच्याकडे आहे तोच चोरीमुळे, आणि हे वॉल्टरला स्वतःला पुरतं माहितीये. आपण काय होत चाललोय याची भीती वाटून त्याने मित्राकडून स्वतःच्या मेंदूचे तुकडे काढून घेतले होते, हे कळतं तेव्हा तर मला गलबलून येतं.

चौथ्या सीझनमध्ये तिसरा येतो. तिथे इतिहासच बदललेला असतो, त्या टाइमलाइनमध्ये पीटर लहानपणीच तलावात बुडालेला. हा वॉल्टर लॅबमध्येच झोपतो, दाराबाहेर पाऊल टाकायला घाबरतो. आणि गंमत म्हणजे तिथला पलीकडचा वॉल्टर चक्क भला माणूस निघतो, पीटरला मदत करतो.

हे सगळे जॉन नोबल एकटा करतो. एक वाकलेला, पुटपुटणारा, हात सतत चाळवणारा, दुसरा सुटात ताठ, शब्द मोजून बोलणारा, मेकअपचा फारसा आधार न घेता, आणि समोर कोण आहे ते तोंड उघडायच्या आधीच कळतं. या माणसाला यासाठी एमी या टीव्ही पुरस्काराचं साधं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही, हे मला आजही पटत नाही.