४२ टक्के म्हणजे सगळेच?

आज ऑफिसात डबे उघडले आणि वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींवरून जुंपली. एकाने ठोकून दिलं, "बहुतांश इस्रायलींना वसाहती हव्याच आहेत, सर्व्हे आहे!" आहे ना, प्यू रिसर्च या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेचा, २०१६ चा. पण त्यात 'हो' म्हणणारे ४२ टक्के, तेही फक्त ज्यूंमधले. देशातले अरब नागरिक, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा, त्यात धरलेलेच नाहीत. आणि विचारलं होतं, वसाहती वाढवल्याने देशाच्या सुरक्षेला मदत होते का? हव्यात की नकोत, हे नव्हे. ३० टक्के ज्यू तर म्हणाले, उलट नुकसानच होतं. हे सांगितलं तर समोरचा दुसरा खूश, "बघा, म्हणजे त्यांचाच विरोध आहे!" कपाळ माझं! 'काही फरक पडत नाही' म्हणणारे २५ टक्के दोघांनीही बिनबोभाट गिळले.