पिंजरा आणि 'फाल्या'

चुलतभाऊ दुबईला गेला आणि त्याचे दोन कॉकाटिल, म्हणजे शेंडीवाले छोटे पोपट, आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आले. (शेजारचे काका अजून 'तुमची कॉकटेलं' म्हणतात.) आपला हिरवा राघू पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे सासूबाईंना समजावताना नाकी नऊ आले. कॉकाटिल ऑस्ट्रेलियातला, त्याला ती आडकाठी नाही. ग्रे पॅरट किंवा सन कन्युअर असे दुसरे परदेशी पोपट असते, तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही आली असती.

पोपट उडतो तो आडवा, म्हणून उंच मनोऱ्यासारखा पिंजरा कुचकामी. मागच्या पडवीत आठ फूट लांब, चार रुंद, साडेसहा उंच अशी जागा आखली. माप, चौथरा, पत्रे, सगळं आठवड्यात आटपलं.

आणि मग जाळी.

मी फॅब्रिकेटरला स्वच्छ सांगितलं होतं: स्टेनलेस स्टील, अर्धा इंचाची. तो म्हणाला, "पोपटाक इतकी म्हाग जाळी कित्याक? सगळे जीआयच लावतत." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. पोपट दिवसभर जाळी चावतो, ते जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. शिवाय आमच्या खाऱ्या वाऱ्यात जीआयला किती लवकर गंज चढतो ते त्याच्याच दुकानाच्या शटरवर दिसत होतं. (जीआयच परवडत असेल तर निदान व्हिनेगर लावून ब्रशने घासून, धुऊन मगच वापरा.) त्याने मान डोलावली. "फाल्या येवा, वयनी." फाल्या म्हणजे मालवणीत उद्या.

मे महिन्यातला हा फाल्या. जूनमध्ये जाळी आली ती एक इंचाची! "ह्याच्यातून पोपट थोडोच भायर जातलो?" अहो, पोपट बाहेर जाणार नाही, पण डोकं अडकवून घेईल, आणि धामण नि उंदीर आत येतील त्याचं काय? परत पाठवली. मग लाईट नाही. मग वेल्डर गावाला. मग गणपती. तोवर दोघं माजघरातल्या पिटुकल्या पिंजऱ्यात, नर शेपटी जाळीला घासून घासून तिची केरसुणी करून बसलेला. माझा पारा असा चढलेला की दुकानासमोरून जाताना मी मान फिरवून घ्यायची.

शेवटी भावाने कोल्हापूरहून जाळीचा रोल एसटीत घालून आणला आणि मी दुकानात स्टूल टाकून बसले. दोन दिवसांत काम झालं! पिंजरा घरी आल्यावर जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळ्या जोडांवरून फिरवला. जिथे अडकला तिथे खडूची खूण. सतरा खुणा निघाल्या. फॅब्रिकेटर काही न बोलता ग्राइंडर घेऊन बसला. हा मोजा मात्र विसरू नका.

दांड्या म्हणून पेरूच्या जाड-बारीक फांद्या लावल्या, एकाच जाडीवर बसून पाय दुखावतात. पश्चिमेच्या झडीसाठी गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा. रात्री बॅटरीवरचा मिणमिणता दिवा ठेवाच. कॉकाटिल अंधारात दचकून सैरावैरा आपटतात आणि इथे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. हो, आणि पडवीला लागून स्वयंपाकघर असेल तर नॉनस्टिक तवा बाद. तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात.

दारं दोन हवीत, एकामागे एक, म्हणजे आपण आत शिरताना पाखरू निसटत नाही. आतल्या दाराची कडी झकास आहे. बाहेरची अजून सुतळीने बांधतेय. कालच फोन केला होता. म्हणाला, फाल्या येतंय.