ओपस २२१, अपडेट ६: पाण्यातला कोबा फुटला

फ्रेंच चित्रकार पॉल सिन्याकचं ‘ओपस २२१’ (मावळतीला तारली पकडणाऱ्या होड्यांचं, सुट्या ठिपक्यांनी रंगवलेलं चित्र; ‘ओपस’ हा त्याने दिलेला क्रमांक) मी तेलरंगात नक्कल करतेय. काल रात्री कॅनव्हास समोरच्या भिंतीला टेकवला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं आणि सिन्याकचं पाणी पहिल्यांदा पाण्यासारखं चमकलं. पाचव्या खेपेला! मागच्या फोटोला ‘सिमेंटचा कोबा’ म्हणणाऱ्यांनो, बोललात ते खरं होतं.

आकाशाचा पिवळा जमला होता, होड्याही ठीक होत्या. पण मावळतीचं नारिंगी निळ्या पाण्यात उतरतं, तिथे सगळं राखाडी. आधी वाटलं ओल्यावर ओला रंग जातोय. या पावसात तेलरंग आठवडाभर चिकट राहतो, त्यामुळे निळ्यावर नारिंगी टेकवलं की चिखल. म्हणून दहा दिवस थांबले. हाताला सुका लागल्यावर ठिपके दिले, जवळून एकेक कण शुद्ध दिसला, आणि खोलीच्या टोकावरून बघितलं तर पुन्हा कोबाच.

मग पट्टी घेतली. मूळ चित्र ६५ बाय ८१ सेंटिमीटर, माझं साधारण निम्म्या मापाचं. सिन्याकने १८९९च्या पुस्तकात लिहिलंय की रंगाचा स्पर्श, म्हणजे ब्रशचा एकेक ठिपका, चित्राच्या आकाराच्या प्रमाणात हवा. मी आज्ञाधारकपणे ठिपकेही निम्मे केले, पण बघत राहिले त्याच तीन मीटरवरून! एवढ्या लांबून बारीक ठिपके डोळ्यात मिसळतातच, आणि नारिंगी-निळं हे पूरक, म्हणजे रंगचक्रावर समोरासमोरचे, रंग समप्रमाणात मिसळले की करडंच होणार. म्हणजे नियम पाळूनच फसले.

आता पाण्यातले स्पर्श दुप्पट लांब, आडवे आणि विरळ केलेत. मधून पांढरा जेसो, म्हणजे कॅनव्हासवरचं अस्तर, दिसू दिलंय. नारिंगीच्या शेजारी पिवळसर आणि गुलाबी, निळ्याच्या शेजारी जांभळा. रंगचक्रावरचे शेजारीच एकत्र करायचे, नाहीतर पांढरा. पॅलेटवर हा नियम मी पाळत होते, कॅनव्हासवर विसरले होते.

ब्रशबद्दल: महागडा सेबलच्या केसांचा ब्रश कपाटात गेला. चार नंबरचा स्वस्त सिंथेटिक फ्लॅट (चपटा ब्रश), त्याची कड टेकवायची, बस. आणि कॅडमियम ऑरेंज घेताना ट्यूबवर बारीक अक्षरात ‘ह्यू’ (म्हणजे खऱ्या कॅडमियमऐवजी दुसरं रंगद्रव्य) लिहिलंय का ते बघा. माझ्या नेहमीच्या दुकानदाराने तेच हातात ठेवलं. माझं तरी पांढरा घातला की लगेच फिकं पडतं.

आईने फोटो बघून विचारलं, ‘एवढ्या होड्या तारलीसाठी?’ हो, कोंकार्नोला (चित्रातलं फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचं बंदर) तारलीचीच भावंडं पकडायचे, आमिष म्हणून कॉड माशाची खारवलेली अंडी टाकून.

पुढे सिन्याकचंच कोंकार्नोचं दुसरं चित्र, ओपस २२०, म्हणजे ‘अलेग्रो माएस्तोसो’, सुरू करणार होते. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, उजव्या खालच्या कोपऱ्यात जुने बारीक ठिपके तसेच आहेत, ते पॅलेट नाइफने खरवडावेत. नाहीतर तिथे कोबा आणि इथे समुद्र. आणि २२० करायचंच तर पूर्ण मापाचा कॅनव्हास ताणते. खोलीत मावेल का, ते उद्या सोफा सरकवून बघते.