पंचवीस वॅटचा सल्ला

गेल्या जानेवारीत मी एका ग्राहकाला सोल्डरिंग आयर्नविषयी (सोल्डर हा मऊ धातू वितळवून वायरी जोडण्याच्या अवजाराविषयी) दिलेला सल्ला साफ चुकला, आणि त्या चुकीचा दोष त्या गृहस्थांनी पुढे दीड महिना स्वतःच्या हातांना दिला. परभणीत स्टेशन रोडजवळ माझे इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे दुकान आहे. इन्व्हर्टर, टीव्हीचे बोर्ड आणि रब्बीच्या दिवसांत शेतपंपांचे ऑटो स्टार्टर हे रोजचे काम. सव्वीस वर्षे याच कामात गेली असल्यामुळे कोणत्या कामाला किती वॅटचे आयर्न लागते, हे मला कोणी विचारले की उत्तर तोंडातच तयार असते. त्या दिवशीही ते तयारच होते.

हे गृहस्थ पूर्णा येथे राहणारे निवृत्त स्टेशन मास्तर. कापडी पिशवीतून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले १०० वॅटचे आयर्न बाहेर काढले आणि एचओ मापाच्या छोट्या रेल्वेच्या रुळांना वायरी जोडण्यासाठी हे चालेल का, असे विचारले. सोबत नमुन्याचा रूळही आणला होता: उंची अडीच मिलिमीटर, खाली प्लॅस्टिकचे स्लीपर (रूळ धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या), दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. या मापात प्रत्येक वस्तू मूळच्या १/८७ असते, त्यामुळे हे अंतर १४३५ मिलिमीटरच्या रुळाचे होते. मास्तरांची अर्धी नोकरी मीटर गेजवर आणि अर्धी १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजवर झालेली असल्याने हा रूळ आपल्या ओळखीचा नाही, हेही त्यांनी मला सांगून टाकले.

मी हसलो. "मास्तर, याने घागरीला डाग देता येईल. हे नाजूक काम आहे, प्लॅस्टिक वितळेल," असे म्हणून मी माझ्याच काउंटरवरचे २५ वॅटचे, टोकदार बिटचे (म्हणजे तापणाऱ्या टोकाचे) आयर्न त्यांना विकले.

मार्चच्या सुरुवातीला ते पुन्हा आले, पण दुरुस्तीसाठी काही आणले नव्हते. दुकानातला एखादा मुलगा एका दिवसासाठी मिळेल का, असे ते विचारत होते. "तुमच्या आयर्नचा दोष नाही हो. हातच थरथरू लागलेत माझे. ११ स्लीपर जाळून बसलो," असे ते अगदी शांतपणे म्हणाले. मुलाला पाठवणे शक्य नव्हते, कारण आजकालच्या मुलांना सोल्डरिंग स्टेशनचे (आयर्नचे तापमान ठरवणाऱ्या यंत्राचे) तापमान ४५० अंशांवर ठेवून बोर्डाचे ट्रॅक उचकटून काढण्यापलीकडे फारसे येत नाही. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने मीच पूर्णेला गेलो.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आठ बाय चारचा प्लायवूड आणि त्यावर दहा तुकड्यांचा मार्ग मांडलेला होता. जळालेल्या ठिकाणी स्लीपरची पकड सुटून रूळ आत सरकले होते आणि इंजिन तिथेच घसरत होते. अशा मार्गाला वीज प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र वायरीने द्यावी लागते. तुकडे जोडणारी पत्र्याची क्लिप (मास्तर तिला फिशप्लेटच म्हणतात) काही महिन्यांत सैल पडते, तिच्यावर ऑक्साइड चढतो आणि लांबच्या टोकाला इंजिन रेंगाळू लागते. शिवाय हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे आणि तांब्याच्या मानाने त्यातून वीज फारच कमी वाहते. खालून दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या दोन मुख्य वायरी आणि प्रत्येक तुकड्याला वर चढणारी ७/३६ची (सात बारीक तारांच्या वायरींची) जोडी, अशी मास्तरांची मांडणी नेमकी होती. अडत होते ते फक्त शेवटच्या टाक्यापाशी, म्हणजे वायर रुळाला सोल्डरने जोडण्यापाशी.

मी बसलो, रुळाची बाहेरची बाजू पॉलिश पेपरने घासली, राळेचा फ्लक्स (सोल्डर धरावे म्हणून धातू साफ करणारा लेप) लावला आणि तेच २५ वॅटचे आयर्न टेकवले. पाच सेकंद झाले, दहा झाले, पंधरा झाले. सोल्डर ओल्या वाळूसारखे खरखरीत होऊन बिटलाच चिकटून राहिले, आणि तेवढ्यात बाजूचा स्लीपर चमकला व खाली बसला. तो बारावा. माझा हात थरथरत नव्हता.

खिशातला मीटर बोर्डाच्या सॉकेटला लावला तेव्हा तो २३० ऐवजी १७८ व्होल्ट दाखवत होता. शेतपंप चालू असण्याच्या वेळी आमच्याकडे हे नवे नाही. अशा व्होल्टेजवर जळालेले स्टार्टर उघडूनच माझे घर चालते. पण आयर्नच्या बाबतीत हा हिशोब मी कधी केला नव्हता. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे १७८ व्होल्टवर २५ वॅटचे आयर्न जेमतेम १५ वॅटचे उरते.

व्होल्टेज पुरेसे असते तरी माझा सल्ला चुकीचाच ठरला असता. साठ-चाळीसचे (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसे) सोल्डर १८३ अंशांना मऊ होऊ लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते, तर स्लीपरचे प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधी, शंभराच्या थोडे पुढे, मऊ पडते. त्यामुळे टाक्याची जागा १९० च्या वर जायला हवी आणि काही मिलिमीटर अंतरावरचा स्लीपर शंभराच्या आत राहायला हवा, हे दोन्ही केवळ काम झटपट उरकले तरच साधते. टोकदार बिट रुळाला सुईच्या अग्राएवढे टेकते. त्यातून येणारी उष्णता सोल्डर वितळवण्याआधीच रूळ दोन्ही बाजूंना वाहून नेतो, आणि कमजोर आयर्न जितका वेळ धरून ठेवावे तितका वेळ आपण प्रत्यक्षात स्लीपरच भाजत असतो. सर्किट बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, तिथे लहान आयर्न सुरक्षित असते. ती सवय मी अखंड धातूच्या पट्टीला लावली. नाजूक दिसते म्हणून लहान अवजार, एवढाच काय तो माझा सव्वीस वर्षांचा विचार होता. आठवडी बाजारात डब्यांना डाग देणारा माणूस तांब्याचे जड डोके कोळशावर तापवून एका टेकवणीत काम संपवतो, आणि आम्ही दुकानवाले त्याच्याकडे वरून पाहतो.

मी १०० वॅटच्या आयर्नची चौकशी केली, तेव्हा मास्तरांनी कपाटातून ते काढले. हार्डवेअरवाल्याने परत घेतले नव्हते. १७८ व्होल्टवरही ते ६० वॅट देत होते. त्याचा बिट साध्या तांब्याचा होता, म्हणून कानशीने घासून त्याला चार मिलिमीटर रुंद छिन्नीसारखे तोंड केले आणि तापताच सोल्डरने माखून घेतले. (लोखंडाचा मुलामा असलेल्या बिटला मात्र कानस कधीच लावू नये, मुलामा गेला की तांबे सोल्डरमध्ये झिजत जाते.) रुळाच्या बाहेरच्या अंगाला आधी नुसते सोल्डर चढवले, कारण आतल्या बाजूने चाकाची कड धावते. वायरीच्या टोकालाही चढवले. टाक्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले, वायर टेकवली आणि वरून बिट दाबला. एक, दोन, आणि उचलला. सोल्डर पाण्यासारखे पसरून चमकले. स्लीपरवर डागही नव्हता.

मास्तरांनी पत्र्यावर डाग देताना वापरतात ती पेस्टची डबीही आणून ठेवली होती. ती मी खाली टाकायला लावली. जस्ताच्या क्लोराइडची ती पेस्ट धातू उत्तम साफ करते, पण वायरीच्या पीळात शिरली की वर्षभरात हिरवा गंज चढून वायर तुटते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बिघडलेल्या दुरुस्त्या त्या डबीचाच प्रताप असतो.

चौदा टाके झाल्यावर मला हुरूप आला आणि फिशप्लेटसुद्धा सोल्डर करून टाकू, असे मी म्हणालो. मास्तरांनी हात वर केला. "अहो, उन्हाळ्यात काय होईल? सांधा मोकळाच पाहिजे." या पत्र्याखाली जानेवारीच्या आणि मेच्या तापमानात २५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात गजभर लांबीचा एक तुकडा एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो, आणि त्या दहांपैकी सहा तुकड्यांचा गोल मार्ग दोन मिलिमीटरहून अधिक. रूळ वाकलाच असता. ही गोष्ट त्यांना हिशोब न करता ठाऊक होती.

शेवटचे सहा टाके मी त्यांना मारायला दिले. हात थरथरत होता, हे खरे आहे; पण दोन सेकंदांच्या कामात थरथरण्याला वेळ मिळत नाही. सहाही टाके पक्के बसले. "आज बरं जमू लागलं," ते म्हणाले.

मग त्यांनी २५ वॅटचे आयर्न उचलून याचे आता काय करायचे, असे विचारले. सिग्नलच्या एलईडीला आणि इंजिनातल्या बारीक वायरींना हेच लागेल, असे मी सांगितले. ते खरेच होते.

निघताना त्यांनी एक रजिस्टर पुढे केले. नोकरीतल्या सवयीने त्यांनी तारीख, बिघाड, कारण आणि उपाय असे रकाने आखले होते. स्लीपर जळाल्याच्या ११ नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढे कारण म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिले होते: हाताचा कंप. उपायाचा रकाना कोरा होता, तो तुम्ही भरा, असे ते म्हणाले. मी '१०० वॅट, रुंद बिट, दोन सेकंद' असे लिहिले आणि खाली सही केली. कारणाच्या रकान्याला मी हात लावला नाही.