जोर-बैठकांचे अकरा आठवडे : वाढलेल्या दोन किलोंचा हिशेब

जून महिन्याच्या ९ तारखेला, सोमवारी, मी जोर-बैठका सुरू केल्या. त्याआधीच्या सात दिवसांच्या वजनाची सरासरी ७६.८ किलो होती, बेंबीच्या रेषेत मोजलेली कंबर ९३.५ सेंटिमीटर आणि उजवी मांडी ५५ सेंटिमीटर. दहाव्या दिवशी सकाळी काट्याने ७८.९ हा आकडा दाखवला. दहा दिवसांत २.१ किलो वाढ, तीही रोज घाम गाळून. आईने तो आकडा ऐकला आणि म्हणाली, “व्यायामाने माणसं वाळतात, तू फुगतोयस.” तिचे बोलणे त्या क्षणी वर्मी लागले. या नोंदीचा बराचसा भाग मी त्याच हिशेबाला दिला आहे, कारण जोर-बैठका किंवा मुद्गल, म्हणजे फिरवायचा जड लाकडी सोटा, नव्याने हाती घेणारे आपल्यापैकी कित्येक जण नेमके याच टप्प्यावर वही मिटतात.

माझा आधीचा व्यायाम म्हणजे रोज पाच किलोमीटर चालणे, एवढाच होता. नवा क्रम आठवड्यातून पाच दिवसांचा ठरवला: दहा-दहाचे पाच फेरे करून पन्नास जोर, शंभर बैठका आणि शेवटी चार किलोच्या मुद्गलाचे हात. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात शंभराच्या जागी दीडशे बैठका काढल्या, आणि त्याची किंमत तिसऱ्या दिवशी चुकती केली. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरून उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडवा होऊन खाली आलो. चढताना फारसे दुखत नव्हते, उतरताना मात्र मांड्या साथ सोडत होत्या. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, आणि सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना सर्वाधिक इजा याच प्रकारच्या कामाने होते. ही दुखापत सूक्ष्म असते आणि दुरुस्तही होते, पण दुरुस्तीसाठी शरीर त्या जागी द्रव साठवते. दुखणे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते, सूज त्यानंतरही काही दिवस रेंगाळते. दहाव्या दिवशी माझ्या मांडीचा घेर ५६.५ सेंटिमीटर भरला. दीड सेंटिमीटर स्नायू दहा दिवसांत कोणाच्याच मांडीवर चढत नाही.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मी काटाच तपासला. घरात दहा किलो तांदळाची न फोडलेली पिशवी होती. आधी रिकाम्या हातांनी आणि मग ती पिशवी छातीशी धरून, असा मी तीनदा काट्यावर उभा राहिलो, आणि तिन्ही वेळा फरक १० ते १०.१ किलो आला. म्हणजे काटा निर्दोष होता. मात्र तोच काटा सतरंजीवर ठेवला तेव्हा वजन सातशे ग्रॅमने बदलले, म्हणून त्या दिवसापासून त्याची जागा न्हाणीघराबाहेरच्या एका ठरावीक फरशीवर कायम केली. वजन सकाळी शौचानंतर आणि चहाच्या आधी घ्यायचे, अंगावर तीच चड्डी ठेवायची आणि निर्णय एका दिवसाच्या आकड्यावर न घेता आठवड्याच्या सरासरीवर घ्यायचा, एवढी शिस्त त्यानंतर पाळली. याच काट्यावर चरबीची टक्केवारीही उमटते. एके दिवशी ती सकाळी २७.१ आणि त्याच संध्याकाळी २५.३ अशी आली. तळपायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून शरीराच्या विरोधावरून काढलेला तो अंदाज असतो, आणि पाणी प्यायल्याने, घाम आल्याने किंवा पाय ओले असल्याने तो सहज हलतो. बारा तासांत दीड किलोच्या आसपास चरबी जाणे अशक्य असल्यामुळे तो रकाना मी वहीतून काढून टाकला.

पुढचा हिशेब अंकगणिताचा आहे. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जादा लागतात. २.१ किलोंना सोळा हजारांहून अधिक, म्हणजे दहा दिवस रोज सुमारे सोळाशे. आमच्या घरच्या बिनतुपाच्या पोळीच्या मापात सांगायचे तर नेहमीचे जेवण जेवून वर रोज चौदा-पंधरा पोळ्या. त्या दहा दिवसांत मी नेहमीपेक्षा फार तर एखादी पोळी अधिक खाल्ली असेल. कंबरही ९३.५ वर जागच्या जागी होती. तेव्हा हे वजन चरबीचे नव्हते, आणि इतक्या थोड्या काळात स्नायूचेही असू शकत नव्हते. नवशिक्याने सारे व्यवस्थित केले तरी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू मिळाला म्हणजे पुष्कळ झाले.

उरते पाणी. मांड्यांच्या सुजेचे पाणी वर आलेच आहे, पण दुसरा वाटा मला अधिक रंजक वाटतो. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, आणि नियमित कष्ट पडू लागले की ते हा साठा वाढवतात, जसे पाहुणे येणार कळल्यावर घरातली बाई कणकेचा डबा आधीच भरून ठेवते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते, त्यामुळे साठा दीडशे ग्रॅमने वाढला तरी काट्यावर सहाशे ग्रॅम चढतात. धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींत याखेरीज रक्तातल्या द्रवाचे प्रमाणही पहिल्या काही दिवसांतच वाढते. त्या काळात केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन किंचित उतरलेले दिसू शकते, कारण रक्त पातळ झालेले असते. जे क्रिएटिन, म्हणजे व्यायाम करणारे घेतात ती पूरक भुकटी, घेऊ लागले आहेत त्यांच्या वजनात स्नायूंत ओढल्या गेलेल्या पाण्याचा आणखी किलो-दीड किलो वाटा असू शकतो. मी ते घेत नाही.

एक इशारा येथेच नोंदवतो, कारण बैठकांच्या बाबतीत तो विशेष लागू आहे. एकदम शेकडो बैठका काढल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा मांड्या दगडासारख्या कडक होऊन वाकेनाशा झाल्या, तर ती नेहमीची अंगदुखी नव्हे. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर येण्याचा तो प्रकार असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. दोन्ही घोट्यांवर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर तीही व्यायामाची सूज समजू नये.

दुसऱ्या आठवड्याची सरासरी ७८.६ आली आणि तिसऱ्याची ७७.९. अंगदुखी ओसरली तसे पाणीही उतरू लागले होते, मी काही न करता. प्रकरण इथेच संपायला हवे होते.

पण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मामा आले. त्यांचे तरुणपण कोल्हापूरच्या तालमीत गेले आहे. माझे जोर पाहून ते प्रसन्न झाले, कोपर बाहेर जाते म्हणून एक चापटी दिली, आणि जाताना बदामाची पिशवी हातात ठेवत म्हणाले, “बाळ, नुसतं अंग मोडून काय होतंय? खुराक पाहिजे.” दुसऱ्या दिवसापासून सकाळी अर्धा लिटर म्हशीचे दूध, त्यात वाटलेले वीस बदाम, चमचाभर साजूक तूप आणि वर दोन केळी असा खुराक सुरू झाला. चवीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आषाढी एकादशी चौथ्या आठवड्याच्या रविवारी आली आणि तिने सारे चित्र गढूळ केले. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी त्या दिवशी अक्षरशः पाळली: साबुदाण्याची खिचडी दोन वेळा, बटाट्याचा कीस, वर खारे वेफर्स. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ९०० ग्रॅमने अधिक होते आणि बुधवारी पुन्हा पूर्ववत. पिष्टाने ग्लायकोजेन भरले आणि मिठाने पाणी धरून ठेवले, इतकाच त्याचा अर्थ. मात्र या झटपट चढउताराने माझी अशी समजूत झाली की काट्यावर जे काही वाढते ते पाणीच असते. पाचव्या आठवड्याची सरासरी ७८.४ आली, मी म्हटले पाणी. सहाव्याची ७८.७ आली, तेव्हाही मी पाणीच म्हटले. वीस जुलैला टेप लावली तेव्हा कंबर ९४.५ भरली आणि माझे शास्त्र संपले.

आता खुराकाचा हिशेब मांडला, जो पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधाच्या पाचशेच्या वर कॅलरी होतात, बदामांच्या दीडशेच्या जवळपास, केळ्यांच्या दोनशे, आणि तुपाची भर वेगळी. एकूण बेरीज नऊशेच्या घरात जाते. माझ्या पस्तीस मिनिटांच्या जोर-बैठकांत दोनशे ते अडीचशेच खर्च होतात. मामांच्या काळी पहाटे चारला उठून हजारोंनी बैठका आणि मग दोन-दोन तास मातीत लढती होत. त्या कष्टाला तो खुराक शोभत होता. मी तेवढा भाग उचलून खुर्चीवर आठ तास बसणाऱ्या देहाला लावला. सरासरी तीन आठवड्यांत ७७.९ वरून ७८.७ वर गेली म्हणजे वाढ फक्त ८०० ग्रॅम दिसते, पण मला वाटते खरी वाढ त्याहून मोठी होती. त्याच काळात सुजेचे उरलेसुरले पाणी उतरत होते, आणि एक उतरत असताना दुसरे चढत होते. काट्याला दोन्हींची वजाबाकीच तेवढी दिसते. दहाव्या दिवसाचे ७८.९ आणि सहाव्या आठवड्याचे ७८.७ हे आकडे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पहिल्यात कंबर हलली नव्हती आणि मांड्या दुखत होत्या, तर दुसऱ्यात मांड्या ठणठणीत होत्या आणि पट्टा एक भोक मागे गेला होता.

सातव्या आठवड्यापासून खुराक बंद केला नाही, आटोक्यात आणला: पाव लिटर गाईचे दूध, दहा बदाम आणि केळे व्यायामाच्या दिवशी एकच. दुपारच्या जेवणात मटकी किंवा मुगाची उसळ वाटीऐवजी दोन वाट्या घेतली आणि तेवढा भात कमी केला. बैठका एकशे वीसवर नेल्या आणि जोर साठवर. मधल्या चार आठवड्यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

अकराव्या आठवड्याची, म्हणजे २४ ऑगस्टला संपलेली, सरासरी ७७.४ आहे. सुरुवातीपेक्षा वजन अजून ६०० ग्रॅमने अधिकच आहे, पण कंबर ९२ आहे आणि मांडी, सूज पूर्ण उतरल्यानंतरही, ५६ सेंटिमीटर. कामावर घालायच्या दोन पँटी कंबरेत सैल आणि मांडीत आवळ झाल्या आहेत. शिंप्याने कंबर आत घेता येईल असे सांगितले, मांडीला मात्र आत कापडच सोडलेले नाही म्हणून हात वर केले.

येत्या सोमवारपासून मुद्गल चार किलोवरून सहावर नेणार आहे आणि सपाट्याही, म्हणजे जोर आणि बैठक जोडून काढायचा प्रकार, सुरू करणार आहे. स्नायू या कामाला एकदा सरावलेले असल्याने सूज पहिल्याइतकी येऊ नये, पण खांद्यांना हा भार नवा आहे. म्हणून पुढच्या दहा दिवसांच्या रकान्यात वजनासमोर ७८.२ हा आकडा आधीच पेन्सिलीने लिहून ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी कंबरेसाठी ९२.