लग्नपत्रिकेला एपीके कशाला लागतं?

आज व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा ‘लग्नपत्रिका’ आली, नावाच्या शेवटी डॉट एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल. ॲडमिन मंडळी, आधी स्क्रीनशॉट घ्या, मग सगळ्यांसाठी डिलीट करा. पाठवणाऱ्याला झापू नका. बहुतेक वेळा त्याचाच फोन किंवा अकाउंट चोरांच्या ताब्यात असतं. त्याला ग्रुपमधून तात्पुरतं काढा आणि थेट कॉल करून सांगा.

मेसेज उडवला तरी ज्यांनी ॲप टाकलं त्यांच्या फोनमधून ते जात नाही. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी तिथूनच पळतो. पुष्कळदा आयकॉनही गायब होतो, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही!

टाकलंच असेल तर फोन एरोप्लेन मोडवर, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. फोन रिसेट सगळ्यात शेवटी, नाहीतर पुरावाही पुसला जातो.